विषय: पुलावर पणत्या, दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ (तातडीचं)

मीनल, मंगळवार, रात्री 9:42

मंडळी,
सहल 11 ला आणि अंक छपाईला 15 ला, म्हणजे मुखपृष्ठाचा फोटो सहलीतच काढायचाय. न्यू हॅम्पशायरचं कॉर्निश आणि व्हर्माँटचं विंडसर जोडणारा छपराचा लाकडी पूल, आत दोन्ही कडांना पेटत्या पणत्या, मधून नऊवारीतल्या मुली चालत येतायत. मुली नऊ आहेत, रेवाचं अजून नक्की नाही. साठ पणत्या सांगितल्या आहेत. तेल आणि वाती कोण आणतंय ते आजच कळवा. मागच्यासारखं आयत्या वेळी ऑलिव्ह ऑइल नको.

---

अविनाश, मंगळवार, रात्री 10:15

मीनल,
पेटत्या पणत्या नाहीत म्हणजे नाहीत. तो पूल 1866 चा आहे. दीडशे वर्षं वाळलेलं लाकूड, वर छप्पर, दोन्ही तोंडं उघडी. एका बाजूने वारा शिरला की ते आडवं धुराडंच. आणि साठ पणत्यांच्या मधून तू नऊवारीचे पदर चालवणार?

---

श्रीकांतकाका, मंगळवार, रात्री 11:03

पणत्यांचं नंतर बघू. त्याआधी सफरचंदाचा मळा आधी आणि पूल नंतर हे कुणी ठरवलं? मला विचारलं नव्हतं. मंडळाच्या कॅलेंडरचे फोटो 2009 पासून मी काढतोय.

त्या पुलाचा खरा फोटो न्यू हॅम्पशायरच्या काठावरून, पुलाच्या वरच्या अंगाला उभं राहून मिळतो. मागे अ‍ॅस्कटनीचा डोंगर येतो. म्हणजे कॅमेऱ्याचं तोंड नैर्ऋत्येला. दुपारी तीनला पोचलात तर सूर्य थेट भिंगात, पूल काळा ठिक्कर आणि डोंगर धुवट. सकाळी दहाच्या आत पोचा, मग पानांचा लाल रंग दिसेल. पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) मी आणतो.

आतला फोटो तर त्याहून अवघड. आत अंधार आणि पलीकडचं तोंड पांढरंफक. एकाच फ्रेमचे तीन-चार वेगवेगळ्या उजेडाचे फोटो काढून जोडावे लागतात, तोवर माणसं दगडासारखी उभी हवीत. चालत येणाऱ्या मुली विसरा. आणि हा पूल दुपदरी आहे, गाड्या चालू असतात, पायवाट वेगळी नाही. तिपाई कुठे लावू?

---

वैशाली, बुधवार, सकाळी 7:20

अविनाशला दुजोरा. आम्ही 2002 मध्ये आयोवात डे मॉइनला होतो. तिथल्या मॅडिसन काउंटीतला सीडर नावाचा छपराचा पूल त्या वर्षी कुणीतरी पेटवला. पुढच्या शनिवारी बघायला गेलो तर नुसते दगडी खांब, आणि ओल्या कोळशाचा वास रस्त्यापर्यंत. लोकांनी जिद्दीने 2004 मध्ये तसाच्या तसा पुन्हा उभा केला. 2017 मध्ये पुन्हा जाळला. 2019 मध्ये तिसऱ्यांदा बांधला. तुमच्या लाडक्या व्हर्माँटमधल्या वुडस्टॉकचा मधला पूलही 1974 मध्ये पेटवलेला आहे, बांधून पाच वर्षंही झाली नव्हती. आपण जाळायला जात नाही हे कबूल, पण कुणी पाहिलं तर सांगणार काय? आमच्यात असा सण असतो?

---

प्रसाद (आता क्लीव्हलँड), बुधवार, सकाळी 8:05

मंडळाच्या ईमेल लिस्टवर अजून आहे, त्यामुळे बोलतो. सहलीच्या पत्रकात 'अमेरिकेतला सर्वांत लांब छपराचा पूल' लिहिलंय ते चूक आहे. आमच्या ओहायोतल्या ॲशटाब्युला काउंटीत 2008 मध्ये झालेला स्मोलेन-गल्फ पूल 613 फूट आहे. तुमचा 450 सुद्धा भरत नाही.

---

अविनाश, बुधवार, सकाळी 8:31

प्रसाद, 2008 चा पूल ऐतिहासिक कसा रे? तो तर माझ्या गाडीपेक्षा लहान. लांबीच मोजायची तर कॅनडातल्या न्यू ब्रन्सविकचा हार्टलंड पूल 1,282 फूट आहे, मग ओहायोनेही गप्प बसावं. शिवाय तुमच्याकडे 613 फुटांना खांबांमधले चार गाळे. इथे 449 फुटांना दोन, मध्ये फक्त एक खांब. कौतुक त्याचं आहे.

---

उमाकाकू, बुधवार, सकाळी 10:12

मला एक सांगा, पुलाला छप्पर घालतातच कशाला? आमच्याकडे साकव असायचा, पावसाळ्यात वाहून जायचा, गणपती झाले की नवा घालायचे. त्याला कुणी कधी कौलं घातली नाहीत. इथे म्हणे घोडे पाणी बघून बुजत म्हणून झाकलेत. खरं का?

---

अविनाश, बुधवार, सकाळी 11:40

काकू, घोड्यांची गोष्ट सगळेच सांगतात. खरं कारण तुमच्या घराचंच. मे महिन्यात घर का शाकारायचे? वासे कुजू नयेत म्हणून. पुलाचं वजन पेलतात त्या दोन बाजूंच्या कैच्या. या पुलात त्या लाकडी जाळीच्या आहेत, इथियल टाउनने 1820 मध्ये पेटंट घेतलं त्या पद्धतीच्या. जाळीच्या सांध्यांत पाणी मुरलं की उघडा पूल दहा-वीस वर्षांत संपतो. छप्पर आणि फळ्या घातल्या की शंभर वर्षं जातो. छप्पर गेलं तर बदलता येतं, कैची गेली की पूल गेला. फिलाडेल्फियात 1805 मध्ये शूलकिल नदीवर पूल झाला तेव्हा रिचर्ड पीटर्स नावाच्या न्यायाधीशांनी हाच आग्रह धरला होता.

छपराची गंमत म्हणजे हिवाळ्यात घसरगाड्या चालायच्या, आणि आत बर्फच नाही! मग माणसं लावून बाहेरचा बर्फ फावड्याने पुलात टाकायचे.

साकवासारखे वाहून जाणारे इथेही आहेत. या जागचे आधीचे पूल पुरातच गेले, हा चौथा.

---

श्रीकांतकाका, बुधवार, दुपारी 12:25

पुराचं निघालं म्हणून. व्हर्माँटमधल्या बार्टन्सव्हिलचा 1870 चा छपराचा पूल ऑगस्ट 2011 मध्ये आयरीन वादळाने नेला. त्याच उन्हाळ्यात मी तिथून दोनदा गेलो होतो आणि दोन्ही वेळा ढगाळ म्हणून कॅमेरा पिशवीतून काढला नाही. नंतर त्याच जागी तसाच नवा बांधला, जानेवारी 2013 मध्ये सुरू झाला. त्याचे चांगले पन्नास फोटो आहेत माझ्याकडे. जुन्याचा एकही नाही.

---

मीनल, बुधवार, दुपारी 1:10

काका, वाईट वाटलं. पण तेलाचं काय?

---

वैशाली, बुधवार, दुपारी 1:14

तेल लागणारच नाहीये, मीनल.

---

प्रसाद, बुधवार, दुपारी 2:50

> तो तर माझ्या गाडीपेक्षा लहान

आणि तुमचा तरी 1866 चा कुठे राहिलाय? 1987 ते 1989 बंद ठेवून थर चिकटवून केलेल्या नव्या तुळया घातल्याच ना?

---

अविनाश, बुधवार, दुपारी 3:22

घातल्या. पूल मधोमध खचत होता. पर्याय काय होता, लोखंडी पूल बांधून वरून फळ्या ठोकायच्या? आमच्या वाड्याचं आढं बदललं, तीन खांब बदलले, वाडा आजोबांचाच राहिला. आता विषय पणत्यांचा.

---

उमाकाकू, बुधवार, दुपारी 4:05

बसचं कुणी बोलतच नाही. मागच्या खेपेला ड्रायव्हरने विंडसरकडून आणून बस नेमकी पुलाच्या तोंडाशी उभी केली. मागे घेता घेता अर्धा तास, मागे गाड्यांची रांग, आणि आम्ही आत बसून आरत्या म्हणतोय. तो व्हर्माँटचा पूल परत नको.

---

अविनाश, बुधवार, दुपारी 4:30

काकू, पूल व्हर्माँटचा नाहीच. दोन राज्यांचा खटला सुप्रीम कोर्टात गेला होता, 1934 मध्ये निकाल लागला. हद्द पश्चिमेकडच्या काठाला, पाणी उतरतं तिथे. म्हणजे नदी जवळजवळ सगळी न्यू हॅम्पशायरची आणि पुलाचा खर्चही त्यांचाच. व्हर्माँटला फुकट देखावा.

म्हणूनच बस न्यू हॅम्पशायरकडूनच न्या. आय-89 महामार्गावरून वेस्ट लेबनन, तिथून 12ए रस्त्याने खाली. पूल ओलांडायचा प्रश्नच नाही. रिकामी बससुद्धा त्या पुलावर घालू नये. तोंडावरची पाटी वाचलीत ना? घोडे चालवत न्या, नाहीतर दोन डॉलर दंड. घोडा दुडक्या चालीने गेला तरी पूल डुलतो म्हणून ती. (समीरने पुलात लेझीम सुचवलंय, त्यालाही हेच उत्तर.)

---

श्रीकांतकाका, बुधवार, संध्याकाळी 6:48

तोडगा सांगतो, ऐकायचा तर ऐका. बस सकाळी सातला सोडा. मोठ्या पुलाचा फोटो बाहेरून, काठावरून, सगळ्या मंडळींसकट. मुलींचा आतला फोटो कॉर्निशमध्येच डिंगल्टन हिलच्या पुलात. मोठा पूल बांधणाऱ्या दोघांतल्या जेम्स टास्करनेच तो 1882 मध्ये बांधला. एकपदरी, छोटा, वर्दळ कमी. दोन्ही टोकांना एकेक माणूस उभा करा, गाडी आली की हाक मारायची. बसमधून नाही, गाड्यांनी जायचं.

पणत्या बॅटरीच्या. खऱ्या ज्योतीचा उजेड दिवसा चेहऱ्यावर पडतच नाही, ते सगळं नंतर संगणकावर करावं लागतं. मळा दुपारी करा, सफरचंदांना सूर्य कुठे आहे त्याने फरक पडत नाही.

---

मीनल, बुधवार, रात्री 8:15

बॅटरीच्या पणत्या मुखपृष्ठावर? देशपांडेकाकू मला अंकासकट परत पाठवतील. पण ठीक आहे, हरले. बस सातला, तक्ता उद्या पाठवते. साठ मातीच्या पणत्या आता मंडळाच्या हॉलमध्ये दिवाळीला लावू. बॅटरीच्या तीस कुणाकडे आहेत का?

---

वैशाली, बुधवार, रात्री 8:21

माझ्याकडे चोवीस. त्यातल्या चार नुसत्या मिणमिणतात.

---

श्रीकांतकाका, बुधवार, रात्री 8:40

त्या चार मला वेगळ्या द्या. त्याच खऱ्या वाटतील.

---

प्रसाद, बुधवार, रात्री 11:58

पत्रक दुरुस्त केलं का?