औषधं घरी कशी घेतली जातात? तुमचे अनुभव लिहा

पंचवटीत माझं मेडिकल आहे. चिठ्ठीप्रमाणे गोळ्या दिल्या तरी घरी जाऊन माणूस त्या कशा घेतो यावरच सगळं असतं. मध्ये एक आजी पाय सुजलेत म्हणून आल्या, पिशवीत बीपीच्या गोळ्यांची दोन पाकिटं, कंपन्या वेगळ्या पण आत दोन्हीत अ‍ॅम्लोडिपिनच (हे औषध जास्त झालं की पाय सुजू शकतात), आणि दोन्ही रोज चालू! लगेच डॉक्टरांना फोन लावून दिला. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो, घरातल्या सगळ्या गोळ्या एकदा पिशवीत घालून आणा. तुमच्याकडे काय झालं, कशाचा उपयोग झाला, लिहा.

सिडकोची सून: सासूबाईंचा थायरॉईडचा डोस वाढत चाललेला, टीएसएच (थायरॉईडच्या रक्ततपासणीतला आकडा) काही खाली येईना. शेवटी मेडिकलमधल्या ताईंनी विचारलं, काकू गोळी कशाबरोबर घेता? तर चहाबरोबर, आणि लगेच कॅल्शियम. आता उठल्यावर नुसत्या पाण्याबरोबर, चहा पाऊण तासाने, कॅल्शियम थेट दुपारी जेवणानंतर. पुढचा रिपोर्ट छान आला.

निफाडकर: माझा अनुभव वाईट आहे पण लिहितोच. मावशीला संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट दिलेलं, आठवड्यातून एकदा. कागदावर ते कुठंतरी बारीक अक्षरात होतं, तोंडी कुणी सांगितलं नाही, मावशी रोज घेत राहिली. तोंडभर फोड, जेवण बंद, पांढऱ्या पेशी एकदम खाली, अ‍ॅडमिट करावं लागलं. वाचली. आता पाकिटावर मार्करने मोठ्ठं "फक्त सोमवार" लिहिलंय आणि गोळी मामेभाऊ स्वतः हातात देतो. ज्यांच्या घरी ही गोळी आहे त्यांनी आत्ता उठून वार बघा, प्लीज.

सातपूरहून: बाबांचा दम्याचा पंप. दाबायचे आणि औषध सगळं जिभेवर. स्पेसर (पंपाला जोडायची नळी) लावला, हळू ओढून दहा सेकंद श्वास धरायचा, नंतर चूळ. मेडिकलवाल्या दादांनी समोर करून घेतलं म्हणून जमलं, नुसतं सांगून नसतं जमलं.

गंगापूर रोड: आजोबांना शुगरची मोठी गोळी गिळवत नाही, कुटून दिली तर चालेल का? वर एसआर लिहिलंय.

पंचवटी मेडिकल: नाही ताई, एसआर कुटू नका, हळूहळू सुटायचं औषध एकदम सुटतं. डॉक्टरांना सांगा गिळवत नाही म्हणून, साध्या छोट्या गोळ्या दिवसभरात विभागून देता येतात का ते बघतील.