डोकी मोजली, गरज नाही

बहुमताने मंजूर झालेला खर्चच सगळ्यांच्या फायद्याचा, असं काही जण म्हणतात, ते पटत नाही. मतदानात डोकी मोजतात, कोणाची निकड किती ते नाही. आमच्या १६ फ्लॅटच्या इमारतीत लिफ्टचा ठराव ७ विरुद्ध ९ असा पडला. खर्च १६ लाख, प्रत्येकी १ लाख. तळमजल्याने का द्यावेत? तिसऱ्या मजल्यावरच्या काकू मात्र जिन्याच्या वळणावर ठेवलेल्या स्टुलावर गुडघे धरून बसायच्या. त्या तीन लाखही द्यायला तयार होत्या.

पुढच्या सभेत मजल्यानुसार वाटणी केली: तळमजला शून्य, पहिला ५० हजार, दुसरा दीड लाख, तिसरा २ लाख. १४ मतं मिळाली. ज्याला जेवढा लाभ तेवढा त्याचा वाटा, हे स्वीडिश अर्थशास्त्रज्ञ एरिक लिंडालने १९१९ मध्येच मांडलं होतं. अर्थात मजला डोळ्यांना दिसतो म्हणून जमलं. सीसीटीव्हीच्या वेळी गरज विचारली, तर आपला वाटा कमी यावा म्हणून प्रत्येकाने कमीच सांगितली.