"मुलं पळवणारी टोळी आलीये" – बाबांना कसं समजावू?

माहेरवाशीण_७:
आमच्या फॅमिली ग्रुपवर परत तोच मेसेज फिरतोय, मुलं पळवणारी टोळी आलीये, सगळ्या ग्रुपवर पाठवा. बाबा रिटायर्ड मास्तर, आयुष्यभर पोरांना शिकवलं आणि हे त्यांनी स्वतः चार ग्रुपवर टाकलं. खोटंय म्हटलं तर म्हणाले सगळेच सांगतायत, सगळे खोटं बोलतील का? दोन दिवस धड बोलले नाहीत. न दुखावता कसं सांगू?

खानदेशी_माणूस:
ताई, सोडून देऊ नका. मी धुळे जिल्ह्यातला. १ जुलै २०१८, साक्री तालुक्यातलं राईनपाडा, रविवारचा बाजार होता. असल्याच मेसेजनी लोकं आधीच घाबरलेली, त्यात मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागायला आलेले, लहान मुलीशी बोलले म्हणून संशय आला आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून पाचही जणांना मारून टाकलं. मेसेज पाठवणारे आपल्या बाबांसारखेच असणार हो, काळजीपोटीच पाठवलं असणार.

रिकामा_कॅनव्हास:
त्या वर्षी बाईकवरून पोरगं उचलून नेतात तो व्हिडिओ आठवतो का? तो कराचीतल्या जनजागृतीच्या फिल्मचा तुकडा होता. मूळ फिल्ममध्ये ते पोराला परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात, नेमकं तेवढंच कापलेलं. म्हणजे व्हिडिओ तोच, फक्त शेवट उडवला की अर्थ उलटा. मला हे कळलं तेव्हा अंगावर काटा आला.

जोशीकाकू_ठाणे:
राईनपाड्याचं लगेच नका सांगू, त्यांना वाटेल मुलगी मला खुनी ठरवतेय. "सगळेच सांगतायत" इथेच खरी गोम आहे. एकच मेसेज चार ग्रुपवर दिसला की चार जणांनी सांगितल्यासारखं वाटतं, पण लिहिणारा एकच. १९७७ मध्ये अमेरिकेत प्रयोग झाला होता, तीच वाक्यं दोन दोन आठवड्यांनी परत ऐकवली तर लोकांना ती जास्त खरी वाटायला लागली, खोटी असली तरी. शिक्षणाचा संबंध नाही, मास्तर काय नि डॉक्टर काय. आणि ग्रुपवर चारचौघात अजिबात खोडू नका, एकटे असताना एवढंच विचारा, बाबा यात गाव कुठलं, तारीख कुठली, पोलीस ठाणं कुठलं?

माहेरवाशीण_७:
काकू, काल चहाच्या वेळी विचारलं. चष्मा लावून दोनदा वाचला, गाव नाही तारीख नाही. मला काहीच बोलले नाहीत, पण रात्री शेजारच्या काकांना फोन करून विचारत होते, "तुला हे कोणी पाठवलं रे?"