निवृत्त रुग्णवाहिकेची कॅम्पर व्हॅन करताना काय तपासावे?

प्रश्न: सेवेतून निवृत्त झालेली, मागे पेटीसारखी बांधणी असलेली रुग्णवाहिका घेऊन तिची कॅम्पर व्हॅन, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, करण्याचा माझा विचार आहे. खरेदीपूर्वी काय पाहावे आणि आतले काय राखावे?

उत्तर १: केवळ किलोमीटरच्या आकड्यावर विसंबू नका. रुग्णवाहिकेचे इंजिन गाडी उभी असतानाही बराच वेळ चालू असते, त्यामुळे इंजिन एकूण किती तास चालले याची नोंद मिळाल्यास तीच अधिक बोलकी ठरते. सायरन, निळे दिवे आणि नोंदणीतील वाहनप्रकार यांचे नियम आधी समजून घ्या.

उत्तर २: आतली कपाटे माझ्या मते अवश्य ठेवावीत, कारण ती धावत्या गाडीतही उघडू नयेत अशीच बनवलेली असतात. वायरिंग मात्र घाईने कापू नका. प्रत्येक तार कुठे जाते ते शोधून तिला चिठ्ठी लावा. लिथियम बॅटरी बसवणार असाल, तर ती अल्टरनेटरला (इंजिनावर चालून वीज तयार करणाऱ्या यंत्राला) थेट जोडू नये, कारण अशी बॅटरी इतका प्रवाह खेचते की अल्टरनेटर तापून निकामी होऊ शकतो. मध्ये हा प्रवाह मर्यादेत ठेवणारा डीसी-डीसी चार्जर हवाच.

उत्तर ३: ॲल्युमिनियमचा सांगाडा थंडी थेट आत आणतो आणि रात्री त्यावर बाष्प साचते. उष्णतारोधक थर देताना सांगाड्याच्या पट्ट्याही झाका, आणि छतावरचा पंखा चालू स्थितीत असेल तर तो काढू नका.