अनुभव धागा : कानांनी पाहिलेली नाटकं

१५ जानेवारी १९२४ रोजी बीबीसीवरून रिचर्ड ह्यूज या तरुण लेखकाचं 'डेंजर' हे नाटक प्रसारित झालं. खास रेडिओसाठी लिहिलेलं पहिलं नाटक म्हणून ते ओळखलं जातं. जागा वेल्समधली कोळशाची खाण. दिवे गेलेले. आत अडकलेली माणसं एकमेकांना दिसत नाहीत आणि ऐकणाऱ्यालाही ती दिसत नाहीत. पहिल्या वाक्यापासून पात्रं आणि श्रोते एकाच काळोखात! या कलेचं सगळं मर्म मला त्या एका निवडीत सापडतं.

आपल्याकडे याला श्रुतिका म्हणतात. नभोनाट्य हा जरा भारदस्त शब्द. आज मोबाईलवर मराठीत ऐकायला पुष्कळ आहे, कादंबऱ्यांची अभिवाचनं, मुलाखती, गप्पांचे पॉडकास्ट. मीही ते आवडीने ऐकते. पण अभिवाचन म्हणजे श्रुतिका नव्हे. अभिवाचनात कोणीतरी आपल्याला सांगतं, की ती दाराशी थबकली. श्रुतिकेत पैंजण वाजायचे थांबतात आणि थबकणं आपलं आपल्याला कळतं. हा फरक पुसट होत चाललाय, त्याची मला मनापासून काळजी वाटते. म्हणून हा धागा. ऐकलेलं, केलेलं, लिहिलेलं, अर्ध्यात सोडलेलं, सगळं आपापल्या टोपणनावाखाली लिहा. लांबीची चिंता नको.

सुरुवात माझ्यापासून. १९८४ साली आजोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तेव्हा डोळ्यावर पट्टी बांधून दिवसेंदिवस पडून राहावं लागायचं. वॉर्डात सगळेच पट्टीवाले. रात्री उशाच्या ट्रान्झिस्टरवर विविध भारतीचा 'हवामहल' हा नाटुकल्यांचा कार्यक्रम लागला, की बारा खाटा एकदम गप्प. मी नऊ वर्षांची होते, तिथे डोळे उघडे असलेली मी एकटीच. मग मीही मिटून घेतले.

उंबरठा

आमचं रेल्वेचं क्वार्टर, मनमाडला. रेडिओ फडताळावर. मुंबई केंद्र नीट लागायचं ते रेडिओ खिडकीकडे तिरका केला तरच, म्हणून तिथे खडूने खूण केलेली होती. 'पुन्हा प्रपंच' ही घरगुती श्रुतिकांची मालिका लागायची तेव्हा आई कणीक मळत असायची. पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी. तीन माणसं, एक घर, भाजी महागली, पाहुणे आले, एवढंच. पण आई मळता मळता थांबायची आणि मीनावहिनींना उत्तर द्यायची, "अगदी बरोबर बोललात हो!"

बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी ही त्या आवाजांमागची नावं मला फार नंतर कळली. नीलम प्रभू म्हणजेच करुणा देव. त्या २०१९ मध्ये गेल्या, तेव्हा वर्तमानपत्रात त्यांचा फोटो आला होता. आई बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "या नव्हेत." तिच्या मीनावहिनी तिने स्वतः घडवल्या होत्या, त्यांच्या अंबाड्यासकट.

चुंबकफीत

आकाशवाणीच्या एका केंद्रावर ध्वनीच्या कामात माझी नोकरी गेली. नाटकाच्या स्टुडिओत एक एकटं दार उभं असायचं. भिंत नाही, खोली नाही, नुसती चौकट, फळी, कडी आणि कोयंडा. शेजारी लाकडी खोक्यात खडी आणि वाळू, त्यावर जागच्या जागी पावलं टाकायची. टापांना करवंट्या, ढगांना पत्रा. गवतातून चालायचं असेल तर टाकाऊ टेपचा मोठा गुंता हातात घेऊन चुरगाळायचा. त्या गुंत्याला आम्ही 'जंगल' म्हणायचो.

नटांची निवड काचेआडून व्हायची. परीक्षकांना चेहरा नाही, नाव नाही, फक्त आवाज. रंगमंचावर गाजलेली माणसंही माईकसमोर अडखळायची, कारण सवय शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकायची. इथे शेवटची रांग नाहीच. ऐकणारा वीतभर अंतरावर बसलाय. हे ज्यांना उमगलं ते बी, बी हाय, ए आणि टॉप अशा श्रेणी चढत गेले.

एक प्रसंग सांगतो, माझ्या सगळ्या नोकरीत तो मला सर्वांत जवळचा आहे. नाटकातल्या म्हातारीला तार येते. तार वाचून झाल्यावर निर्मातीबाईंना शांतता हवी होती. आमची पाव इंची फीत सेकंदाला साडेसात इंच पळायची, म्हणजे वेळ अक्षरशः हातात धरता यायचा. मी ब्लेडने तिरका छेद घेतला, चार सेकंदांची कोरी फीत जोडली, चिकटपट्टी लावली आणि ऐकवलं. बाई म्हणाल्या, "हे मेलेलं आहे. म्हातारी अजून खोलीत आहे ना?" मग दिवे मंद केले, भूमिका करणाऱ्या काकूंना माईकसमोर नुसतं बसवलं आणि त्यांचं बसणं रेकॉर्ड केलं. शब्द नाही, हुंदका नाही. ते तीस इंच जोडल्यावर काचेपलीकडे सगळे स्तब्ध झाले. माणूस असलेली शांतता आणि माणूस नसलेली शांतता कानाला वेगवेगळी कळते, हे मी त्या दिवशी शिकलो.

दिठी

मला जन्मापासून दिसत नाही. चुंबकफीत काका, तुमचं दार मला माहीत आहे! वाडा असो, पोलीस चौकी असो, कित्येक नाटकांत तेच दार उघडायचं. मला ते ओळखीच्या माणसासारखं वाटायचं.

नवीन करणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. "अरे, हे काय, तुझ्या हातात सुरी?" असली वाक्यं लिहू नका. तुम्हाला वाटतं, ऐकणाऱ्याला दिसत नाही म्हणून सांगायला हवं. मी रोज न बघता जगते. सुरी ओट्यावर ठेवली की कळते, चमचा ठेवला की वेगळा कळतो. समोरचा माणूस वळून बोलला तर आवाजाची कड बदलते. नाटकातल्या नटाला माईकपासून दोन पावलं मागे जाऊ दे, मला खोली दिसेल. उठसूट निवेदक आणला, की माझा हात धरून मला माझ्याच घरात फिरवल्यासारखं होतं.

हेडफोनवर डावी-उजवी बाजू वेगळी ठेवून केलेलं इंग्रजी नाटक पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी खुर्चीवरून वळून मागे पाहिलं. हो, पाहिलं असंच लिहिते.

गोधडी_स्टुडिओ

२०२० च्या टाळेबंदीत आम्ही तिघांनी पुण्यात पॉडकास्ट सुरू केला. नाटक करायचं होतं, पण एकत्र येता येत नव्हतं. आधी तिघांनी आपापल्या घरी फोनवर संवाद रेकॉर्ड केले आणि मी जोडले. ऐकवेना. भांडणारे नवरा-बायको, पण तो घुमणाऱ्या हॉलमध्ये आणि ती कपड्यांच्या कपाटात. दोघं एका घरात राहत नाहीत हे पहिल्या वाक्यात कळत होतं.

तेव्हा आठवल्या दिवाकरांच्या नाट्यछटा. शंकर काशीनाथ गर्गे, १९३१ साली गेले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात, त्यामुळे परवानगीचा प्रश्न नव्हता. आणि रचना बघा : बोलणारं पात्र एकच, समोरच्याचं बोलणं आपण त्याच्या उत्तरांवरून ओळखायचं. आवाज एक, माणसं चार. शंभर वर्षांपूर्वीच्या मराठीने ही सोय आमच्यासाठी जणू करूनच ठेवली होती.

गोधडी डोक्यावर, पंखा बंद, पहाटे साडेचारला रेकॉर्डिंग. कारण पाचनंतर कबुतरं आणि सहानंतर शेजारच्या शिट्ट्या. दर वेळी आधी अर्धा मिनिट खोलीचा नुसता आवाज घ्यायचा, वाक्यांमधल्या फटी त्यानेच भरायच्या. (काकांचे तीस इंच वाचून काटा आला. आम्ही तेच करत होतो, कोणी न शिकवता.) सहा भाग झाले. ऐकणारे थोडे होते, पण एका आजींचा निरोप आला, "मधेच कुणी बोललं नाही तरी मला सगळ्यांचं ऐकू आलं."

लोकलवाली

विरार लोकलमध्ये उभ्याने ऐकणारी मी. २०२२ च्या मे महिन्यात स्पॉटिफायवर बॅटमॅनची ध्वनिमालिका आली. इंग्रजीशिवाय हिंदी, जपानी, इंडोनेशियन अशा भाषांत, प्रत्येक भाषेत स्वतंत्र नट. हिंदीत अमित साध. ऐकताना सारखं वाटत होतं, मराठीत का नाही? नटांचं आपल्याकडे कधीच अडलेलं नाही. गावोगावच्या एकांकिका स्पर्धांत दरवर्षी नवे आवाज येतात. त्यांना माईकसमोर उभं करणारं कुणीतरी हवंय.

रेडिंगकर

मी इंग्लंडमध्ये नर्स आहे. इथे 'द आर्चर्स' ही रेडिओ मालिका १ जानेवारी १९५१ पासून देशभर चालू आहे आणि आजही चालते, साधारण तेरा मिनिटांचा भाग. ती सुरू झाली तीच मुळी शेतकऱ्यांपर्यंत शेतीची माहिती पोचावी म्हणून. युद्धानंतर अन्नटंचाई होती. खतं, जनावरांचे रोग, नवी अवजारं हे सगळं एका काल्पनिक खेड्यातल्या घरगुती गोष्टीत मिसळून सांगायचं. मला लगेच आपले शेतकऱ्यांसाठीचे कार्यक्रम आठवले, सल्ला सांगायला दोन पात्रं बांधावर बसून बोलायची ते.

२२ सप्टेंबर १९५५ ला इथे व्यावसायिक टीव्ही सुरू झाला. त्याच रात्री या मालिकेतल्या ग्रेस या तरुण सुनेचा आगीत मृत्यू झाला. माझ्या वॉर्डातल्या एका आजींनी मला ती रात्र सांगितली. त्या तेव्हा लहान होत्या, आणि घरात चुलीवरचं जेवण तसंच राहिलं होतं. सत्तर वर्षांनी सांगतानाही त्यांचा आवाज बदलला. मी घरी येऊन आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "आमच्याकडे कुणी मेलं नाही रेडिओवर, पण मीनावहिनी आजारी पडल्या असत्या तर मी डबा पाठवला असता."

भाग_२१४

मी एका ऑडिओ अ‍ॅपसाठी लिहायचो. नाव लिहीत नाही. दहा मिनिटांचा भाग, शेवटी धक्का, पुढचा भाग ऐकायला पैसे. मी २१४ भाग लिहिले. मानधन महिनोन् महिने रखडायचं आणि लेखक म्हणून नाव कुठेच नाही. राग आहे, पण त्याहून दुखतं ते वेगळं. शेवटच्या काही भागांत माझ्या पात्रांना यंत्राचे आवाज दिले. उच्चार स्वच्छ, रडणंसुद्धा जागच्या जागी. पण रडण्याआधी माणूस आवंढा गिळतो, तो नव्हता. मी तो संहितेत लिहिलाही नव्हता, कारण नट तो स्वतःहून आणतात.

धागाकर्ती

भाग_२१४, तुम्ही लिहिणं सोडू नका. रत्नाकर मतकरींची पहिली एकांकिका १९५५ साली मुंबई आकाशवाणीवरून झाली, तेव्हा ते जेमतेम सोळा-सतरा वर्षांचे होते. नेपथ्य नाही, कपडेपट नाही, नाट्यगृहाचं भाडं नाही, म्हणून रेडिओला एका कोवळ्या मुलावर विश्वास टाकता आला. आज तर माईक प्रत्येकाच्या खिशात आहे. विश्वास टाकणारा निर्माता आणि लेखकाचे पैसे वेळेवर देणारी व्यवस्था, या दोन गोष्टींवर आपण बोललं पाहिजे.

सूप_आणि_तांदूळ

नंदुरबार जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. चौथीच्या मुलांनी एक गोष्ट रेकॉर्ड केली, त्यांच्या पावरी बोलीत. पाऊस म्हणजे सुपात तांदूळ पाखडणं, जाळ म्हणजे बिस्किटाच्या पुड्याचा कागद चुरगाळणं. वर्गात जी मुलगी तोंड उघडत नाही, ती वाघीण झाली. तिच्या वडिलांनी मजुरीच्या गावी फोनवर ऐकलं, तीन वेळा.

बांधावरून

दादा (भाग_२१४), तुमच्यासारख्या लोकांचं लिहिलेलं आम्ही ऐकतो, म्हणून लिहितोय. जुन्नरकडचा आहे. शेतीची लाईट आठवड्यातले निम्मे दिवस रात्रीची असते. कांद्याला पाणी द्यायला रात्री बारा-एकला जावं लागतं. आमच्या भागात बिबट्या आहे. वनखात्याची माणसं सांगतात, रात्री एकट्याने जाऊ नका, जायचंच तर मोबाईलवर आवाज चालू ठेवा. गाणी लावून कंटाळलो, मग गोष्टी लावायला लागलो. कानात घालून ऐकायची सोय नाही, मोठ्यानेच लावावं लागतं.

इथे सगळे पॉडकास्टबद्दल बोलतायत ते हेडफोनवाले. माझं नाटक उसाला आदळून येतं. पाटात पाण्याचा आवाज, वर ते. एकदा गोष्टीत कुणीतरी पाचोळ्यावरून चालत आलं आणि मी खोरं घेऊन उभाच राहिलो, पाऊल फोनमधलं की मागचं तेच कळेना. बॅटरी फिरवली, काही नव्हतं.

पलीकडच्या बांधावर एक आजोबा असतात, त्यांचीही रात्रपाळी. आमचं कधी बोलणं नव्हतं, जुना वाद आहे. परवा भाग संपला तसा फोन गप्प झाला. तिकडून अंधारातनं हाक आली, "बंद का केलंस रं?"

म्हटलं, "संपलं, बाबा."

"मग पहिल्यापासनं लाव. माझी सुरुवात हुकलीय."

अजून चार वाफे भरायचे होते. लावलं.