मदत हवी आहे: विद्यापीठात आंतरविद्याशाखीय कला कार्यक्रम कसा सुरू करावा?

ताळगावचा वाचक:
आमच्या विद्यापीठात संगीत, चित्रकला, संगणकशास्त्र आणि मराठी या विभागांनी मिळून एक सामायिक कला कार्यक्रम सुरू करावा, असे ठरले आहे. मसुदा माझ्याकडे आला असून अभ्यास मंडळाची बैठक तोंडावर आहे. कल्पना सर्वांना पटते. पण तासिकांचा कार्यभार कोणत्या विभागाच्या नावावर धरायचा आणि एकत्र केलेल्या कामाला गुण कोणी द्यायचे, या दोन प्रश्नांपाशी प्रत्येक चर्चा अडते. ज्यांनी असे काही प्रत्यक्ष चालवले आहे, त्यांनी नेमके उत्तर द्यावे. अशा शिक्षणाचे महत्त्व मला ठाऊक आहे.

निवृत्त प्राध्यापक:
ही पदवी आहे, पदविका आहे की एकच अभ्यासक्रम? पदवीपूर्व की पदव्युत्तर? हे कळल्याशिवाय कार्यभाराविषयी काहीही सांगणे म्हणजे अंदाज बांधणे होईल.

डिचोलीकर:
आधी विषय निवडा, नियम नंतर पाहता येतील. माझ्या मते घुमट या मातीच्या तालवाद्यापेक्षा योग्य विषय गोव्यात नाही. मडके कुंभार घडवतो, तोंडावर कातडे चढते आणि त्यातून नाद निघतो. पूर्वी घोरपडीचे कातडे वापरत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे ते थांबले आणि बकऱ्याचे कातडे आले. दोन्हींच्या नादात फरक कोणता, हे संगणकावर ध्वनी मोजून तपासता येईल. 2019 मध्ये घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान्यताही मिळाली आहे.

पेडण्याचा रसिक:
डिचोलीकर यांच्याशी मी सहमत नाही. वस्तू घडवण्यावर भर दिला की कार्यक्रमाची कार्यशाळा होते. त्यापेक्षा दशावतार घ्यावा. त्यात संवाद बहुतांशी आयत्या वेळी रचले जातात, त्यामुळे एकमेकांचे ऐकून काम करणे विद्यार्थ्यांना शिकावेच लागते.

डिचोलीकर:
मग त्यात संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याने काय करायचे, हेही सांगावे. केवळ चित्रीकरण करणाऱ्याला सहभागी म्हणता येणार नाही.

मिरामारवासी:
शेवटचे सादरीकरण पणजीच्या कला अकादमीतच व्हावे. चार्ल्स कोरिया यांनी रचलेल्या त्या वास्तूत नदीकाठची मोकळी जागा आणि रंगमंच दोन्ही आहेत.

ताळगावचा वाचक:
सादरीकरणाच्या जागेविषयी मी विचारलेले नाही. निवृत्त प्राध्यापक सर, पदवीपूर्व अभ्यासक्रम आहे. स्वतंत्र पदवी नाही, हे उघड आहे असे मला वाटले होते. दोन प्रश्न तसेच राहिले आहेत.

निवृत्त प्राध्यापक:
ते उघड नव्हते, आणि त्यावरच उत्तर अवलंबून आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या आराखड्यात बहुविद्याशाखीय अभ्यासक्रमांना तीन वर्षांत 9 श्रेयांक (क्रेडिट), म्हणजे प्रत्येकी 3 श्रेयांकांचे तीन अभ्यासक्रम, इतकी जागा ठेवलेली आहे. त्यांपैकी एकच आधी मागावा. व्याख्यानांच्या एका श्रेयांकाला 15 तास आणि प्रात्यक्षिकांच्या एकाला 30 तास लागतात. त्यामुळे 1 श्रेयांक व्याख्यानांचा आणि 2 प्रात्यक्षिकांचे धरल्यास 15 आणि 60 मिळून 75 तास होतात. हे तास मसुद्यातच विभागवार वाटून लिहावेत. जो शिक्षक वर्गात उभा राहील, त्याच्याच विभागाच्या नावावर ते जावेत. गुणांचे दोन भाग करावेत: समूहाच्या कामाला सर्वांना समान गुण, आणि प्रत्येकाच्या नोंदवहीवर व तोंडी परीक्षेवर स्वतंत्र गुण. तोंडी परीक्षा मात्र विद्यार्थ्याच्या विभागाबाहेरील शिक्षकाने घ्यावी, कारण आपल्या शाखेबाहेरच्या माणसाला काम समजावता येणे हाच या शिक्षणाचा गाभा आहे. कुंभार किंवा वादक यांना केवळ पाहुणे म्हणून बोलावू नये. स्थानिक कलाकारांना निवासी कलाकार म्हणून सामावून घेण्यासाठी आयोगाची मार्गदर्शक सूचना आहे, तिचा आधार घेऊन त्यांच्या मानधनाची तरतूद पहिल्याच मसुद्यात करावी.

ताळगावचा वाचक:
आभारी आहे, सर. हेच हवे होते. विषय म्हणून घुमट घेतो, कारण त्यात चारही विभागांना खरे काम आहे. घुमटाच्या साथीने गायल्या जाणाऱ्या आरत्यांच्या शब्दांवर मराठी विभाग काम करील. जूनच्या सत्रापासून सुरू करता येईल का?

डिचोलीकर:
जूनमध्ये नको. पावसाळ्यात मडकीही नीट वाळत नाहीत आणि कातडेही. दुसऱ्या सत्रात घ्यावे.