काम पसंत पडलं नाही म्हणून पैसे अडवायचे का?

पूर्णाकाठचा, दर्यापूर तालुका:
माझं मत आधीच मांडतो, मग शिव्या द्या. साफसफाईच्या कामात निम्मे पैसे इसार म्हणून आधी घ्यावेत आणि उरलेले आमची गाडी अंगणातून निघायच्या आत. तक्रार असेल तर आमची माणसं तिथं आहेत तोवर सांगावी, तेवढी जागा परत घासून देऊ. पण ‘मनासारखं झालं नाही’ म्हणून बिलात कटती करायची, हे बंद झालं पाहिजे.

आमचा पट्टा खारपाणाचा. बोअरचं पाणी टाइलवर सुकलं की पांढरा थर बसतो, नळाच्या तोंडाशी तर जाड पापडी धरते. वर्षानुवर्षं साचलेला हा थर सायट्रिक ॲसिडच्या पाण्यानं भिजवून, घासणीनं घासून बराचसा निघतो. पण क्षारानं नळाचा मुलामाच खाल्ला असेल तर पापडी निघाल्यावर खालून चट्टे दिसतात. मग गिऱ्हाईक म्हणतं, नळ तुम्ही खराब केला. चट्टे आधीपासूनच होते, पापडीखाली झाकलेले होते, हे पटवता पटवता दम निघतो.

मागच्या दिवाळीत एका घरी टाकी, हॉल, स्वयंपाकघर आणि दोन न्हाणीघरं असं काम होतं. तक्रार एका न्हाणीघराची, पैसे अडवले सगळ्याचे. “सोयाबीन विकलं की या.” सोयाबीन विकलं, हरभरा निघाला, तूर विकली, आता फोन उचलत नाहीत. न्हाणीघराचे अडवले असते तर मी समजू शकलो असतो. टाकीतलं पाणी तर रोज पितात ना?

बागवान, अंजनगाव सुर्जी:
भाऊ, काम पाह्यल्याबिगर निम्मे पैसे काहून द्याचे? गिऱ्हाइकाच्या हाती एकच गोष्ट असते, थे म्हणजे पैसे. थे एकदा दिले की तुमच्या फोनची घंटी वाजते अन् वाजतच राह्यते. आमच्या घरी एक जण टाकी धुवाले आला होता. वरून पाइप मारला, भिंती चकचकीत, बुडातला गाळ तसाच. पैसे हातावर टेकवून मोकळे झालो होतो. दोन दिवसानं नळाले गढूळ पाणी. बोलावलं तं म्हणे, तुमचं पाणीच तसं आहे. तवापासून टाकीत बॅटरी मारून पाहतो, मंग खिशात हात घालतो.

अन् ‘पीक निघाल्यावर देतो’ याले तुम्ही बुडवणं समजता हे काही मले पटलं नाही. खेड्यात पैसा बारा महिने सारखा येत नाही. किराणावाला थांबते, कृषी केंद्रवाला थांबते, डॉक्टर बी थांबते. तुम्हालेच काहून घाई?

पूर्णाकाठचा, दर्यापूर तालुका:
किराणावाला थांबतो तो भावात वसूल करतो, कृषी केंद्रवाला तर उघड उघड उधारीचा भाव वेगळा लावतो. मी तसं केलं तर तुम्हीच म्हणाल लुटतो. बॅटरी मारून जरूर पाहा, मी शिडी धरतो. फक्त मी समोर असताना पाहा, आठ दिवसांनी नाही.

आणि एक सांगा, संत्र्याचा बगीचा व्यापाऱ्याला इसार न घेता देता का हो?

बागवान, अंजनगाव सुर्जी:
नाही देत. अन् इसार घेऊनही बुडतो, थे बी ऐका. आंबिया बहाराचा बगीचा ठोक दिला, इसार घेतला, भाव पडला तं व्यापारी अर्धा माल झाडावर सोडून गेला. फोन केला तं म्हणे इसार तुमचाच, ठेवा. म्हणून म्हणतो, इसारानं भांडण मिटते हे डोक्यातून काढा. इसार इमानदाराले बांधते. ज्याले बुडवाचंच आहे त्याले काय त्याचं!

शाळेतली बाई, मोर्शी:
तुमचं दोघांचं कमी घासलं की जास्त घासलं यावरच चाललंय. घासताना वस्तूच बिघडली तर काय, ते बोला.

आमच्या देवघराचा ओटा पांढऱ्या संगमरवराचा. सफाईला आलेल्या मुलानं हळदीकुंकवाचे डाग काढायला संडासाचं ॲसिड पातळ करून त्यावर फिरवलं. हेतू चांगलाच होता. फेस आला तसा तो म्हणाला, “बघा मॅडम, मळ कसा निघतोय.” तो मळ नव्हता. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ॲसिड पडलं की दगडच विरघळायला लागतो, बुडबुडे कार्बन डायऑक्साइडचे. कोटा आणि शहाबादी फरशीलाही हाच धोका, ते चुनखडीचेच दगड. ओटा वाळल्यावर हात फिरवला तर खरखरीत लागला. जिथून ओघळ गेले होते तिथं रेघा तशाच उमटलेल्या, उजेडात तिरपं पाहिलं की स्पष्ट दिसतात. पॉलिशवाल्यानं सांगितलेला आकडा सफाईच्या बिलापेक्षा मोठा होता.

मी पैसे दिले नाहीत आणि देणारही नव्हते. आता पूर्णाकाठचे म्हणतील तेवढी जागा परत घासून देतो. काय घासणार? मालकानं फोनवर सांगितलं की पोराच्या मजुरीतून कापतो, तुम्ही निम्मे तरी द्या. त्याला म्हटलं, खबरदार. कोणत्या दगडाला काय लावायचं हे त्या मुलाला कोणी शिकवलंच नव्हतं.

(जाता जाता: ॲसिड आणि ब्लिचिंग पावडर एका बादलीत ओतणारे मी पाहिलेत. त्यातून क्लोरीन निघतो. बंद न्हाणीघरात हा प्रयोग जिवावर बेतू शकतो. पैशाचं भांडण त्यापुढं काहीच नाही.)

खराटावाली, मूर्तिजापूर:
मॅडम, तुम्ही खबरदार म्हटलं हे वाचून बरं वाटलं. पण तुम्ही फोन ठेवल्यावर त्यानं कापलीच असन.

मी याच कामावर जाते. गिऱ्हाइकाचं अन् मालकाचं वाजलं की रोजी आमची लटकते. मालक म्हणते, पार्टीनं दिले की देतो. पार्टी आम्ही शोधली का? भाव आम्ही ठरवला का? पार्टीनं कमी दिले तं आमची रोजी कमी, अन् खुश होऊन वरून शंभर-दोनशे दिले तं थे कुठी जाते देव जाणे.

आता पूर्णाकाठच्या भाऊले इचारते. ‘परत घासून देऊ’ हे लिहाले लय सोपं आहे. परत वाकते कोण? एक डाग राह्यला म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी जा, बादली-घासणी घेऊन जा, दुपार तिथंच होते. त्या दिवसाची रोजी गिऱ्हाईक धरत नाही, मालक धरत नाही. त्यापरीस दोनशे कापून घ्या म्हणा अन् मोकळे व्हा. तुमच्या त्या नेमानं आमचा तं तोटाच आहे.

पूर्णाकाठचा, दर्यापूर तालुका:
ताई, माझ्याकडं रोजी त्याच संध्याकाळी मिळते, पार्टी देवो न देवो. म्हणूनच इसार मागतो, तो रोजीतच जातो. परत घासायला पाठवलं तर त्या दिवसाचीही रोजी देतो, तो धंद्याचा खर्च आहे. पण कटतीला एकदा हो म्हटलं की गावभर होतं. दोनशे कापता येतात हे कळलं की पुढच्या घरी डाग नसला तरी डाग सापडतो.

कोर्टातला कारकून, अकोट:
थोडं कायद्याचं, दोन्ही बाजूंना उपयोगी.

तोंडी ठरलेला व्यवहारही करारच असतो, 1872 च्या करार कायद्यात त्याला आडकाठी नाही. अडचण येते पुराव्याची. केलेल्या कामाच्या पैशासाठी दावा तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. पण चार-पाच हजारांसाठी दावा लावू नका, त्यापेक्षा जास्त चपला झिजतील. तालुका विधी सेवा समितीकडं अर्ज द्या, लोक अदालतीत समोरासमोर बसा. कोर्ट फी नाही, आणि तिथं झालेल्या तडजोडीवर अपीलही नाही.

मंगल कार्यालय, जिनिंग, खासगी शाळा अशी मोठी गिऱ्हाइकं थकवत असतील तर ‘उद्यम’ नोंदणी करा, म्हणजे छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी, फुकट होते. मात्र काम घ्यायच्या आधी करा, पैसे थकल्यावर नाही. 2006 च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणे लेखी काही ठरलं नसेल तर काम स्वीकारल्यापासून 15 दिवसांत, आणि लेखी ठरलं असलं तरी फार तर 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात. त्यापुढं रिझर्व्ह बँकेनं ठरवलेल्या बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. यातली एक ओळ फारशी कोणी वाचत नाही: काम झाल्यापासून 15 दिवसांत गिऱ्हाइकानं लेखी हरकत घेतली नाही, तर काम स्वीकारलं असं धरतात. लग्नसराई संपल्यावर ‘तेव्हा हॉल नीट झाडला नव्हता’ हे आठवून उपयोग नाही.

मॅडम, तुमचा रस्ता वेगळा. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा, सेवेतली त्रुटी. दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडं तक्रार करता येते, व्यवहार पाच लाखांच्या आतला असेल तर फी नाही. त्याआधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहा. ओट्याचे फोटो आहेत ना?

बागवान, अंजनगाव सुर्जी:
साहेब, तुमचं सगळं बरोबर, पण इथं लेखी हरकत घेणार कोण? ज्याच्यावर कागद टाकाचा थो आमच्या मामेभावाचा साळा निंगते. कागद गेला की पुढच्या लग्नाचं आवतन बंद. म्हणून तं आम्ही तोंडानं काही म्हणत नाही, नुसते पैसे देत नाही.

शाळेतली बाई, मोर्शी:
हेच तर दुखणं आहे, भाऊ. तोंडानं म्हणत नाही! समोरच्याला कळायचं कसं की तुमची तक्रार आहे की तुमच्याकडं पैसे नाहीत की तुम्हाला द्यायचेच नाहीत? मी पहिल्याच दिवशी मालकाला फोटो पाठवले, का देत नाही ते लिहिलं. तुमच्या गप्प बसण्यानं माझ्यासारख्या खऱ्या तक्रारवालीवरही लोक तोच शिक्का मारतात.

मैलागाडीवाला, पुसद:
मी सेप्टिक टँक उपसायची गाडी चालवतो. आमच्याकडची नाराजी निराळी. पाइपनं मैला ओढला तरी बुडाशी घट्ट गाळ राहतो. घरमालक वाकून पाहतो आणि म्हणतो, “पोरगं उतरव, बादलीनं काढ, नाहीतर निम्मेच देतो.” मी निम्मे घेतो आणि निघतो. पोरगं उतरवत नाही.

आत विषारी वायू असतो, वरून काही दिसत नाही. एक जण पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो आणि दोघंही जातात. हातानं मैला काढायला बंदी करणाऱ्या 2013 च्या कायद्यानं सुरक्षेची साधनं न देता माणसाला सेप्टिक टँकमध्ये उतरवणं गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गटारात मेलेल्यांच्या कुटुंबाला 30 लाख भरपाई द्यायला सांगितलं. घरमालकाला हे सांगितलं की तो म्हणतो, आमच्या इथं कोण पाहायला येतं?

म्हणून पूर्णाकाठच्यांचा ‘तक्रार आली की परत करून देऊ’ हा नियम मला सरसकट मान्य नाही. मी गाळात पाणी सोडतो, लांब बांबूनं ढवळतो, पुन्हा एकदा ओढतो. त्यात निघेल तेवढा गाळ निघाला, पुढं गिऱ्हाईक खुश होवो न होवो.

पूर्णाकाठचा, दर्यापूर तालुका:
गाडीवाल्या भाऊंचं सोळा आणे खरं, मैल्याच्या टाकीत माणूस उतरवायचा प्रश्नच येत नाही.

बाकीच्यांचं ऐकून दोन गोष्टी मान्य करतो. एक, भाव तोडून सांगायचा. टाकीचे इतके, हॉलचे इतके, न्हाणीघराचे इतके. तक्रार ज्या कामाची, तेवढेच पैसे थांबवा, बाकीचे लगेच द्या. दोन, वस्तू आमच्या हातून बिघडली तर भरपाई मालकाची, मजुराची नाही. क्षाराच्या टाइलचं मी असं करतो: कोपऱ्यातली वीतभर जागा आधी घासून दाखवतो. एवढंच निघतं, चालतं का? हो म्हणाले तरच पुढं. नळांचे फोटो त्यांच्यासमोरच काढतो.

कटती मात्र मान्य नाही. इसारही सोडणार नाही.

शाळेतली बाई, मोर्शी:
भरपाई किती, हे कोण ठरवणार? तुम्हीच?

पूर्णाकाठचा, दर्यापूर तालुका:
दुसरा मिस्त्री ठरवेल, तुम्ही आणाल तो. पण माझ्यासमोर पाहून सांगेल.

खराटावाली, मूर्तिजापूर:
अन् इसार हातात आला की आधी रोजी काढून ठेवाची, मंग डिझेल. हे बी लिहा त्या नेमात.

बागवान, अंजनगाव सुर्जी:
बरं, या दसऱ्याले आमच्याकडे येता का? टाकी मोठी आहे, पण पाणी सातपुड्याच्या पायथ्याचं, गोड. थर-बिर भेटणार नाही. इसार पाचशे देतो.

पूर्णाकाठचा, दर्यापूर तालुका:
निम्मा म्हणजे निम्मा. हजार.

बागवान, अंजनगाव सुर्जी:
सातशे. अन् बॅटरी मीच मारणार.